आठवा पडदा

वेला, ४ फेब्रुवारी २००६

बार्बा,

पत्र बघून दचकू नका, कुणी गेलेलं नाही. बेटावरून पाकीट आलं की आधी कोण गेलं ते बघता, असं ल्युबा सांगत होती. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही 'काय?' याच्यापुढे जात नाही आणि सगळं संभाषण शेवटी तुमच्या त्या मुलीलाच करावं लागतं.

काम व्रानिकचं आहे. सरकारने आपलं दीपगृह भाड्याने द्यायचं ठरवलंय. एक हॉटेलवाली कंपनी तीस वर्षांसाठी घेणार, राखणदारांच्या खोल्यांत पाहुणे झोपणार. वर भिंग आहे तिथे म्हणे पाहुण्यांना न्याहारी देणार. भिंग उतरवून कुठेतरी गोदामात जाईल आणि खडकावर एक खांब रोवून त्यावर छोटा विजेचा दिवा लावतील. वारसा समिती २० एप्रिलला बसते आहे. तिने एकदा जतनाचा शिक्का मारला तर कुणाला खिळाही ठोकता येणार नाही. त्या समितीपुढे ठेवायचा कागद मी तयार करते आहे. दोन खोल्यांचं का होईना, या गावाचं संग्रहालय माझ्याकडे आहे, आणि व्रानिकचे हयात राखणदार म्हणजे एकटे तुम्ही, माझे सख्खे काका.

दिवसभराची कामं कशी चालायची ते सगळं मला लिहून हवंय. पहिलं वाक्य मी ठरवून ठेवलंय: 'एकशे एक्केचाळीस वर्षांत व्रानिकचा दिवा एकही रात्र चुकलेला नाही.' समितीतले एक प्राध्यापक आपल्या बाजूचे आहेत. ते म्हणाले, बाई, या एका वाक्यावर तुमचं दीपगृह वाचेल.

मला ते वाचवायलाच हवं. बाबा गेले आणि आईला मुख्य भूमीवरच्या इस्पितळात ठेवलं, त्या दोन हिवाळ्यांत तुम्ही आणि पेरिनाकाकूंनी मला तिथेच सांभाळलं. आठ वर्षांच्या पोरीला घर म्हणून तेवढीच जागा उरली होती.

आईचं तसंच आहे. गोळ्या घेते, जेवते, कुणाला त्रास नाही. पण ऊन उतरलं की अजून खिडकीशी उभी राहते आणि विचारते, "वित्सकोने लावला का?" मी म्हणते, लावला. दिवा आता आपोआप लागतो हे तिला पटत नाही.

एकदा या ना. एकोणीस वर्षं झाली तुम्हाला बेट सोडून.

तुमची दिंका

---

रियेका, १५ फेब्रुवारी

दिंके,

पाहुण्यांना तिथे न्याहारी द्या म्हणावं. ईशान्येचा पहिला बुरा वारा सुटला की पाहुणा, टेबल आणि अंडं तिन्ही इटलीला पोचतील.

दिवसभर काय करायचो विचारतेस. पुसायचो. राखणदार म्हणजे समुद्राकडे बघत पाइप ओढणारा माणूस असं तुम्हा शिकलेल्यांना वाटतं. तो फडकं घेतलेला माणूस असतो. भिंग पुसायचं, काचा पुसायच्या, पितळ पुसायचं, मग जिना पुसत खाली यायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात ते आमच्याकडे खरंच होतं, कारण राहत्या खोलीत एक मिणमिणती चिमणी आणि वर एवढा झगझगाट. पेरिना म्हणायची, समुद्राला दाखवता तेवढा उजेड कधी माझ्या स्वयंपाकालाही दाखवा.

वरच्या खोलीला आठ काचा आणि आठ पडदे. हे नीट लिही, लोकांना माहीत नसतं. भिंग जसं आतला उजेड बाहेर फेकतं तसंच बाहेरचं ऊन आत गोळा करतं. पडदे नसतील तर भर दुपारी आग लागेल. म्हणून सकाळी दिवा मालवला की आठही पडदे ओढायचे आणि सूर्यास्ताआधी आठही गुंडाळून मग दिवा पेटवायचा. मग बाहेरच्या कठड्यावरून एक फेरी मारायची आणि खाली येऊन वहीत लिहायचं, उरलेलं सकाळी: 'सूर्यास्ताला लावला. रात्रभर अखंड. सूर्योदयाला मालवला.' एकतीस वर्षं मी हीच तीन वाक्यं लिहिली. माझं सगळं साहित्य तेवढंच.

ते पहिलं वाक्य काढून टाक. मोठी वाक्यं लिहू नयेत, ती अंगाशी येतात. मजबूत बांधकाम, जुनं भिंग, एवढं पुरे.

बोटीत बसणं आता होत नाही. गुडघे गेले. तुझ्या आईला, लुत्सेला सांग, मी विचारलंय.

वित्सको

---

वेला, २ मार्च

बार्बा,

वाक्य राहणार. गुडघ्यांचं मी ल्युबाला विचारलं, ती म्हणाली बाजारातून रोज चार मजले चढून येतात. असो.

परवा नावेने व्रानिकला जाऊन आले. मोठ्या पेटीत पडदे जसेच्या तसे सापडले, उंदरांनीसुद्धा मान ठेवलाय. पण ते सातच आहेत. घरी आणून आईपुढे ठेवले, कारण ते तिनेच शिवले होते ना? तिने एकेक मांडीवर घेऊन काठावरून बोट फिरवलं. इतकी शांत मी तिला कित्येक वर्षांत बघितली नव्हती. मग म्हणाली, "जाडा कुठाय?" मी विचारलं कसला जाडा, तर उठून खिडकीशी गेली.

तुमच्या नोंदवह्याही मिळाल्या. १९६८ची हातात आल्यावर काम बाजूला राहिलं. ११ नोव्हेंबर, सेंट मार्टिनचा सण, बाबा गेले तो दिवस. ते पान मी याआधी कधी वाचलं नव्हतं. 'जुगो वारा, जोराचा. समुद्र मोठा. सूर्यास्ताला लावला. रात्रभर अखंड. सूर्योदयाला मालवला.' खाली बारीक अक्षरात: 'फ्रानेची नाव खडकावर. फ्राने मिळाला.' भावासाठी तुम्हाला दोनच वाक्यं मिळाली, पण अक्षर जरासुद्धा हललेलं नाही. मी रडले, खोटं कशाला सांगू.

लहानपणी शाळेत पोरं चिडवायची: दिंकाचा बाप मार्टिनला नवी वाइन चाखत चाखत आला आणि लखलखता दिवा समोर असून खडकावर चढला. ते मी कधीच विसरले. त्या वेळची आईची गोष्ट मात्र विसरता येत नाही. तिने चौकशीला आलेल्या बंदर अधिकाऱ्याला सांगितलं होतं की दिवा नव्हताच. सगळ्या वेला गावाने दिवा बघितला होता आणि ही एकटी नव्हता म्हणत होती. तिथूनच तिला नेलं.

आता तुमची एक चोरी पकडते, चिडू नका. १४ नोव्हेंबरला लिहिलंय: 'एक पडदा उन्हाने जळाला, नवा मिळावा.' आणि त्याच पानांवर ८ ते १७ रोज जुगो, ढग, पाऊस. कसलं ऊन, बार्बा? पाइप ओढताना जाळलात ना? एकतीस वर्षांत एवढी एकच थाप सापडली, ती मी प्राध्यापकांना दाखवणार नाही.

दिंका

---

रियेका, ९ मार्च

दिंका,

अडतीस वर्षांपूर्वीचा पडदा मला आठवत नाही. सात मिळाले, सात लिही. लोक सात बघूनही तेवढेच जांभया देतील.

जुन्या वह्या उकरून कुणाचं भलं झालेलं नाही. खरं सांगू, ते दीपगृह घेऊ दे हॉटेलवाल्याला. दगड आहे तो, आणि त्या दगडापायी तू आयुष्य घालवू नकोस.

लुत्सेला ते पडदे दाखवू नकोस. आजारी माणसापुढे जुनी कापडं ठेवायची नसतात.

वित्सको

---

वेला, २३ मार्च

बार्बा,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. तुम्ही मला चाळीस वर्षांत रागावलेले आठवत नाही. जिन्यावर रॉकेल सांडलं होतं तेव्हासुद्धा नाही.

मी काल पुन्हा व्रानिकला गेले. सात पडदे बरोबर नेले. कागदासोबत फोटो हवेत म्हणून ते ज्याच्या त्याच्या जागी टांगायचे होते. प्रत्येक पडद्याच्या कोपऱ्यात आईने लाल दोऱ्याने आकडा घातलाय आणि तोच आकडा काचेखालच्या पितळेवर कोरलेला आहे. एक, दोन, तीन, पाच, सहा, सात, आठ. चौथी काच उघडी राहिली.

चौथ्या काचेतून वेला दिसत नाही. गावाकडच्या काचा दुसऱ्या बाजूला आहेत. चौथीतून आग्नेयेचा समुद्र दिसतो, जिकडून जुगो येतो. ऊन त्या काचेवरून सरेपर्यंत मी तिथे उभी होते. आणि मिर्ताची खाडी दिसते, त्या खाडीत एकच घर होतं. आमचं.

बाबा शेजारच्या बेटावरून वाइन घेऊन येत होते. ते आग्नेयेकडून आले.

मी हे एकदाच विचारते आणि तुम्ही हो किंवा नाही एवढंच लिहा. त्या संध्याकाळी चौथा पडदा काढला होता का?

मला दोन हिवाळे आई नव्हती. परत आली तेव्हा तिचे केस कापलेले होते आणि तिने माझं नाव विचारलं. तिने वेडेपणा केला म्हणून ती गेली, असं मी आयुष्यभर धरून चालले आहे. मनातल्या मनात तिच्यावर रागही धरला. ते चुकीचं असेल तर मला ती जिवंत असताना कळायला हवं.

दिंका

---

रियेका, ५ एप्रिल

दिंके,

नाही. काढला नव्हता.

तू एका शब्दाचं उत्तर मागितलंस, पण एका शब्दात सुटायचा मला हक्क नाही.

मार्टिनचा सण होता. माझा मदतनीस सुटी घेऊन गावात गेला होता. सकाळी फ्राने जाताना खडकाला नाव लावून मला नव्या वाइनचा एक बुधला देऊन गेला. म्हणाला, "तू पी, मला नाव हाकायचीय. मी येईन तेव्हा दिवा लावलेला असू दे म्हणजे झालं." हे त्याचे शेवटचे शब्द आहेत आणि मी ते आजवर कुणाला सांगितले नाहीत. त्याने थेंब घेतला नव्हता. प्यायलो होतो तो मी.

संध्याकाळी वर गेलो. वारा असा होता की जिन्यात उभं राहवत नव्हतं. पडदे गुंडाळले, दिवा पेटवला. आत दिवा पेटला की डोळे दिपतात, कुठली काच उघडी आणि कुठली झाकलेली काही कळत नाही. म्हणून तर बाहेरच्या कठड्यावरून फेरी मारायची असते. त्या दिवशी मी फेरी मारली नाही. जुगो होता आणि पाय माझे नव्हते. खाली येऊन वहीत लिहिलं.

सकाळी दिवा मालवला आणि पडदे ओढायला लागलो. पहिला, दुसरा, तिसरा ओढला. चौथ्याला हात वर केला तर तो ओढलेलाच होता. दिंके, मी तिथे हात वर करून किती वेळ उभा होतो मला माहीत नाही. तोवर मला नावेचं काही ठाऊक नव्हतं. मग पडदा बाजूला करून खाली बघितलं. खडकावर फळ्या होत्या आणि पाणी बुधल्यांतल्या वाइनने लाल झालं होतं. त्या वासावरून गावाने तुझ्या बापाला दारुडा ठरवला.

तिसऱ्या दिवशी अधिकारी आला. त्याने वही वाचली. वहीत एक अक्षर खोटं नव्हतं, दिवा रात्रभर अखंडच होता. वेलातल्या वीस माणसांनी तसंच सांगितलं. मग लुत्से म्हणाली, "नव्हता. मी खिडकीतच होते." ती माझ्याकडे बघून म्हणाली. मी तिच्यापासून चार पावलांवर उभा होतो आणि गप्प राहिलो. नोकरी जाईल, तुरुंग होईल, ही भीती होती. दुसरं काही कारण नाही, उगाच शोधू नकोस. चौदा तारखेला तो पडदा जळाला म्हणून लिहिलं; त्याच्या जागी आलेले नवे पुढे विरत गेले आणि फेकले. एवढीच थाप म्हणतेस, पण तीच बघ अडतीस वर्षं टिकली.

तुला मी आणि पेरिनाने सांभाळलं याचे उपकार मानू नकोस. तू जिना चढून वर यायचीस आणि फडकं मागायचीस, तेव्हा मला वाटायचं उडी टाकावी. बेटावर येत नाही ते गुडघ्यांमुळे नाही.

पडदा जाळला नव्हता. जाळायचं धाडस झालं नाही. या पाकिटाबरोबर पाठवतो आहे. तुझ्या कागदात लाव, मला जे म्हणायचं ते म्हण. प्राध्यापकांना हे पत्र दाखव.

लुत्सेला वाचून दाखव. फक्त एक गोष्ट वाचू नकोस. बाकीचे सात पडदे साध्या पातळ कापडाचे आहेत, त्यांतून उजेड अंधूक का होईना दिसला असता. चौथ्यावर ऊन फार, तो दर दोन वर्षांनी विरायचा. म्हणून मीच तिला म्हणालो होतो, हा शिडाच्या कापडाचा शिव, दुहेरी. तिने शिवून दिला तो काळोखासारखा पक्का होता. हे तिला कळू देऊ नकोस. तिचा यात काही दोष नाही, पण माणसाचं मन ऐकत नाही हे मला कळतं.

वित्सको

---

वेला, २७ एप्रिल

बार्बा,

आधी समितीचं सांगते. पहिलं वाक्य मी काढलं आणि त्या जागी घडलं ते लिहिलं, तुमचं पत्र जोडलं. प्राध्यापक म्हणाले, बाई, हे नंतर कुठे लेखात छापा, आत्ता कशाला? मी म्हटलं, नंतर आई नसेल. समितीने भिंगाला संरक्षण दिलं, ते आमच्या दोन खोल्यांत येणार आहे. इमारत कंपनीला गेली. माझ्या वाक्याने ती वाचली असती की नाही, देव जाणे. मला वाईट वाटतंय, आणि वाईट वाटतंय याची लाजही वाटते आहे. जून लागला की काम सुरू होईल.

आता आईचं. तुमचं पत्र मी तिला ईस्टरच्या आधीच्या रविवारी, चर्चमधून आल्यावर वाचून दाखवलं. वाटलं होतं तिला काही उमगणार नाही. ती खुर्चीत ताठ बसून ऐकत होती. तुम्ही वाचू नको म्हणालात ते वाचलं नाही. आवाजही अडखळू दिला नाही.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, "दिवा नव्हता असं मी सांगितलं होतं."

"हो आई."

"त्यांनी लिहून घेतलं होतं."

मी म्हटलं, लिहून घेतलं, पण तुला वेड लागलंय असं लिहिलं.

"मग ते खोड," ती म्हणाली.

मी बंदर कचेरीला अर्ज दिलाय. इतका जुना कागद बदलता येत नाही म्हणतात. मी रोज जाते, बघू कोण आधी थकतं.

मग मी पाकिटातून तो पडदा काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. खरं तर ती संग्रहालयाची वस्तू, हातमोजे घालून धरायला हवी. तिने तो उलटा केला, काठावरून बोट फिरवलं, लाल दोऱ्याच्या चारवर थांबली. "टीप माझी आहे," म्हणाली. मग कात्री मागितली. मला वाटलं फाडून टाकणार, आणि फाडला असता तरी मी अडवलं नसतं. पण तिने फाडला नाही. ती उसवायला बसली. एकेक टाका कात्रीच्या टोकाने उचलायचा, दोरा ओढायचा, चिमटीत धरून खिडकीत ठेवायचा. तीन दिवस तिने दुसरं काही केलं नाही. संध्याकाळी खिडकीशीही गेली नाही आणि तुम्ही लावला का ते विचारलं नाही.

तुम्हाला माफ केलं असं लिहावं म्हणून दोनदा कागद पुढे घेतला. हात चालला नाही. तुम्ही मला हाताला धरून जिना चढवलेला आठवतो, आणि आईचे कापलेले केसही आठवतात. या दोन्हींचं काय करायचं ते मला ठाऊक नाही. यायचं असेल तर या. दार बंद नसेल, एवढंच सांगू शकते.

चौथ्या दिवशी सकाळी शेवटचा टाका निघाला. शिडाच्या कापडाचे दोन तुकडे झाले. तिने त्यातला एक उचलला, खिडकीपाशी नेला आणि उन्हावर धरला. बराच वेळ बघत होती. मी मागे उभी होते. जाड कापड होतं, पण ऊन त्यातून येत होतं, फिकट का होईना.

"एकेरी असता," ती म्हणाली, "तर दिसलं असतं त्याला."

ती ओळ मी वाचली नव्हती, बार्बा. शपथेवर सांगते, वाचली नव्हती.

दिंका